खंडेनवमीचा फ्रीझर

१७ ऑक्टो. ७७, सोम.
यंत्रांच्या पाळ्यांच्या रजिस्टरमध्ये माझं नाव पुन्हा खोडलं. लाल शाईने. विद्यापीठाच्या चार विभागांत मिळून एक यंत्रशाळा, तिची किल्ली एक, आणि ती प्रमुखसाहेबांच्या कमरेला. सामायिक म्हणे! सामायिक म्हणजे त्यांचे विद्यार्थी आधी, मग त्यांच्या विद्यार्थ्यांचे मित्र, मग उरलंसुरलं आम्ही.
माझं फक्त मोजायचं काम राहिलं आहे. तीन वर्षं रामटेककडची खेडी पायी तुडवून रक्त आणलं, ज्या घरांत मुलं सांधे धरून रडतात आणि लहानपणीच जातात त्या घरांतलं. एकशे बारा नळ्या, फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात. स्पेक्ट्रोवर, त्या मोजणाऱ्या यंत्रावर, दहा दिवस सलग मिळाले की प्रबंध संपला. दहा दिवस मागते आहे मी, त्यांची इस्टेट नाही मागत.

१९ ऑक्टो., बुध.
उद्या खंडेनवमी. शामराव सकाळपासून यंत्रं पुसून राहिले. हे आमचे अटेंडंट, अकरा वर्षं रोजंदारीवर.
मी फ्रीझरवर चिठ्ठी चिकटवली, स्विच बंद करू नये म्हणून. मराठीत लिहिली होती. प्रमुखसाहेबांनी काढायला लावली. "पाहुणे येतात, यंत्रशाळेत सगळं इंग्रजीत पाहिजे." बरं बाबा. इंग्रजीत लिहिली.

२० ऑक्टो., गुरु.
पूजा झाली. साहेब सोवळं नेसून. सेंट्रिफ्यूजला हळदकुंकू, स्पेक्ट्रोला झेंडूचा हार, फ्रीझरच्या दारावर कुंकवाचं स्वस्तिक. "आज यंत्रांना विश्रांती, कोणी हात लावायचा नाही," म्हणाले. वर्षभर तरी कुठे लावू देता!
खोबऱ्याचा तुकडा घेतला न् दुपारची बस पकडली. आई वाट पाहून राहिली असेल.

२१ ऑक्टो., शुक्र. दसरा
घरी. सगळ्यांना सोनं वाटलं. काका म्हणाले, "पोरी, डॉक्टर कधी होतेस?" म्हटलं, डिसेंबरात.

२४ ऑक्टो., सोम.
लिहवत नाही. तरी लिहिते.
फ्रीझर चालू होता. पण आत दोन बोटं बर्फ साचायचा भिंतींना, तो नाही. लख्ख. नळ्या गोठलेल्या, बघणाऱ्याला सगळं ठीक. मी रक्त गोठवताना नळ्या तिरप्या ठेवते, मग स्टँडमध्ये उभ्या करते. तिरपं गोठलेलं तिरपंच राहतं. आज एकशे बाराच्या एकशे बारा नळ्यांत सपाट. म्हणजे वितळलं, आणि उभ्या नळ्यांत पुन्हा गोठलं.
या उकाड्यात किती तास? जे मोजायचं होतं ते त्यात मेलं. मी जमिनीवर बसून राहिले. नंतर उठून नळ्या पुन्हा मोजल्या, कशासाठी कोण जाणे.

२५ ऑक्टो., मंगळ.
शामरावांना विचारलं. लपवलं नाही त्यांनी.
"बाई, साहेब म्हनले, सगळं बंद म्हंजे सगळं बंद. यंत्रायले इश्रांती. म्या मेन स्विच खाली केला. शनवारी झाडझूड कराले आलो तं फरशीवर पानीच पानी. पुसलं न् चालू केलं."
"चिठ्ठी होती ना हो त्यावर!"
"मले इंग्रजी कुठं येते, बाई?"
मराठी चौथी शिकलेत शामराव. माझी पहिली चिठ्ठी त्यांनी वाचली असती. राग कोणावर काढू? इंग्रजीत लिहिणारा हात माझाच.

२६ ऑक्टो., बुध.
प्रमुखसाहेबांकडे गेले. आमचे सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, सोबत होते. होते म्हणजे खिडकीबाहेर बघत होते.
साहेबांचं ठरलेलं. रजिस्टरमध्ये लिहायचं, सुट्टीत वीज गेली होती, आणि खाली माझी सही. "आणि मोजून तर बघा. यंत्र आकडे देतंच."
देतं ना. पाण्याचेही देतं.
म्हटलं, मी कुलगुरूंकडे लेखी तक्रार करीन. तर म्हणे, "करा. मेन कोणी खाली केला? शामरावने. उद्यापासून त्याला यायचं कारण नाही."
बाहेर आल्यावर सर म्हणाले, "तुझं वय किती आता? एकोणतीस? सही करून टाक." तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि दाबणारा हात आपल्याच माणसाचा. आजपासून त्यांना सर म्हणायची लाज वाटते.

२९ ऑक्टो., शनि.
पुन्हा रक्त मागायला खेड्यावर गेले. पहिलं घर गंगाबाईंचं. अंगणात धान वाळत होतं. मला पाहून खाट टाकली, चहा ठेवला.
त्यांची मुलगी मंदा दिसली नाही. तिची नळी एकेचाळीस नंबर. नऊ वर्षांची, सुई टोचताना माझ्या घड्याळाकडे बघत बसली होती.
"श्रावनात गेली," गंगाबाई म्हणाल्या. मग माझ्या पिशवीकडे बघून, "पुन्हा काहून आल्या जी? पयलं पुरलं नाई का?"
मी पिशवी पाठीमागे सरकवली.
"माह्यं घ्या, तिच्या बापाचं घ्या. तिचं तं तुमच्यापाशी हाये न, बाई? तुमी म्हनल्या व्हत्या, मशिनीत जपून ठेवतो."
"आहे," म्हटलं. "जपून आहे."
पिशवी उघडलीच नाही. बसमध्ये पदर तोंडात कोंबून रडले.

१ नोव्हें., मंगळ.
शामराव रजिस्टर घेऊन आले. सोबत साहेबांचं पेन. वाक्य लिहून तयार, सहीची जागा रिकामी.
"करून टाका, बाई. माह्या पोटावर पाय नका देऊ."
"मी खोटं लिहू?"
"मोठ्यायचं खोटं हाये. आपल्याले फक्त सही करा लागते."
त्यांची नजर फ्रीझरवर गेली. काल मी नवी चिठ्ठी लावली आहे, मराठीत, साहेबांना न विचारता. एकेक अक्षर जोडत त्यांनी वाचली. बंद. करू. नये. मग म्हणाले, "हे असतं तं म्या हात नसता लावला." आणि स्टुलावर बसून डोळे पुसले.
रजिस्टर माझ्याकडेच ठेवून गेले. पान उलटलं. उद्यापासून सलग दहा दिवस, सकाळी दहा ते पाच, स्पेक्ट्रो माझ्या नावावर. साहेबांच्या अक्षरात. तीन वर्षांत पहिल्यांदा कोणी खोडलेलं नाही.
एकेचाळीस नंबर बाहेर काढून हातात धरली होती, बोटं बधिर होईस्तोवर. परत जागेवर ठेवली.
पेन टेबलावर आहे. उद्या दहाला स्पेक्ट्रोवर जायचं आहे.