चौतीस वर्षांचा दाखला

चिरंजीव धाकट्यास ताईचे भरभरून आशीर्वाद.

आईचा गुडघा आता वळतो का? भावजयीचा खोकला गेला का? पोरीचा कान? आणि तू वेळेवर जेवतोस, की अजून मुलांच्या वह्या तपासता तपासता ताट गार करतोस?

मी ठणठणीत आहे. इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालून हात तेवढे भरून येतात.

एक सांगते, हसू नकोस. इथल्या कॉलेजात रुग्णसेवा शिकायला मी परदेशी विद्यार्थिनी म्हणून अर्ज केलाय. म्हाताऱ्या घोडीला लाल लगाम म्हण हवं तर.

खिडकीतल्या कारकूनबाईंनी दहावीचा दाखला पाहून विचारलं, "पुढची चौतीस वर्षं काय केलंत?"

"घर सांभाळलं," मी म्हटलं.

"मग घरच्या माणसाकडून तसं लिहून आणा. महिनाअखेरपर्यंत आलं नाही, तर अर्ज बाद."

ते तूच लिही. पण पुस्तक उघडलं की डोकं दुखायचं म्हणून ताईने दहावीनंतर शिक्षण सोडलं, असं लिहू नकोस. ते मी तुला सांगितलेलं खोटं होतं. बाबा अंथरुणाला खिळले, आई कामाला जायची, घरी कुणीतरी थांबायला हवं होतं. तू चौथीत होतास. कळलं असतं तर तूही दप्तर टाकून बसला असतास, म्हणून आईला गळ्याची शपथ घातली. आज तिला "सुटली" म्हणून सांग, आणि जवळ बसून सगळं विचारून घे.

लिहिताना रडू नकोस, अक्षर फिसकटेल. पत्र लवकर धाड, मी वाट बघते आहे.

तुझी ताई