खुबानीचा गुडघा

जामबाग, हैदराबाद
९ फेब्रुवारी

चि. पराग,

अनेक आशीर्वाद. आम्ही इथं बरे आहोत. प्रमोदचा खोकला गेला. दीपालीला सांग, तिनं सांगितलेलं ब्लाउजचं कापड सुलतान बाजारातून आणून ठेवलंय. आईबद्दल शेवटी लिहिते.

पत्र बघून हसशील. पण फोनवर तू "हौ ताई, हौ ताई" करतोस आणि ठेवून देतोस. आणि घराण्याच्या ग्रुपवर मी तोंड उघडणार नाही. खुबानीचा व्यायाम घेतानाचा व्हिडिओ मी फक्त आईला पाठवला होता. तू तो तिच्या फोनवरून उचललास, ग्रुपवर टाकलास आणि खाली लिहिलंस, "ताईचा कत्तलखाना. मुक्या जिवाला तरी सोड!" समीरदादानं हसरे चेहरे टाकले. रश्मीमावशीचा तर फोनच आला, "अगं योगिनी, कुत्री झाली म्हणून काय झालं? पाप लागेल."

पाप! ऐक मग. मांजरामागं तिनं जिन्यावरून उडी मारली आणि मागच्या पायाच्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटला. ऑपरेशनमध्ये हाड कापून, जरा फिरवून, धातूची पट्टी बसवली. गुडघा आता डगमगत नाही. पण डगमगत नाही म्हणजे नीट हलतो, असं नाही. डॉक्टर सुचरितांनी माझा हात धरून शिकवलं. कुशीवर निजवायचं, पाय हळू दुमडायचा, हळू सरळ करायचा. ती मान वळवून आपल्या हाताकडे बघते, तिथं थांबायचं. "आराम देना मॅडम, जाम नक्को करना," म्हणाल्या. पळणं, उड्या, जिना बंद; पण सांधा रोज हललाच पाहिजे. दुमडायला थोडा कमी पडला तर पाय बाजूला टाकून बसेल, एवढंच. सरळ झाला नाही, तर कायमची लंगडेल.

हो, ती कण्हली. आणि ती कण्हल्याबरोबर मी थांबले, तिच्या कपाळावर हात ठेवला. ते तू कापून टाकलंस. का रे?

काल कचऱ्याच्या गाडीवर भुंकताना ती चारही पाय टेकून उभी होती. हे ग्रुपवर कोण टाकणार?

आता आई.

परवा बोलताना कॅमेरा खाली गेला आणि मला तिचा पाय दिसला. गुडघ्याखाली जुन्या लुगड्यांची मऊ घडी. दीपालीनं मायेनं ठेवलीय, मला कळतं. पण सांधा बदलून महिना झाला, आणि तो त्या घडीवर वाकलेलाच राहतोय. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीला तू परत पाठवलंस, कारण आई रडली. "या वयात कशाला छळायचं? मी आहे ना उचलायला," म्हणालास. आहेस रे. ऑफिसला जाईपर्यंत. मग?

तो व्हिडिओ आईनंच मागितला होता. म्हणाली, "खुबानीचा पाय कसा हलवतेस ते दाखव गं. दार लावून मी माझी करून बघते. परागला बोलू नको, त्याला वाईट वाटतं." तिला न्हाणीघरात एकटीनं जायचंय, पराग. सत्तरीतली बाई, आणि एवढ्यासाठी तिला दार लावावं लागतं!

तिचं रडणं तुला सोसत नाही. पण ते दुखणं तुझं आहे. त्याचं औषध तिच्या गुडघ्यानं का घ्यायचं?

तिच्या सर्जनशी मी बोलले. अजून वेळ गेलेली नाही, पण फार उरलेलीही नाही. त्या मुलीला सोमवारपासून पुन्हा बोलावलंय. खुबानीचं प्रमोद बघेल. त्याचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. शनिवारी मी नामपल्ली स्टेशनवरून तिकडे यायला निघते.

आई रडेल. तेव्हा तू बाहेर निघून जाऊ नकोस. तिच्या उशाशी बस, तिचा हात धर, आणि मला थांबवू नकोस.

तुझी, पण आधी तिची,
योगिनी