अकरा अभिप्राय

२ जानेवारी

ग्रंथपालबाईंस,
सादर नमस्कार विनंती विशेष.

शाळेत मी तुला याच नावाने हाक मारीत असे आणि घरी रागावलो म्हणजेही याच नावाने. आज दोन्ही निमित्ते आहेत. तुला जाऊन दहा महिने झाले. पत्र लिहिण्यास विलंब झाला, त्याबद्दल दिलगीर आहे.

परवा आपली मुलगी घर सोडून तुझ्या थोरल्या बहिणीकडे गेली. एक बॅग, टेबलावरचा दिवा आणि भिंतीवरचा नकाशा एवढे सामान नेले. नकाशा काढून नेला म्हणजे परतीचा विचार नाही, एवढा भूगोल मलाही कळतो.

कारण असे. तिला भूगर्भशास्त्र शिकायचे आहे आणि तेही दूरच्या निवासी महाविद्यालयात. त्या शाखेत तीस जागा आहेत. इतर शाखांसाठीही धरून यंदा शाळेतून एकूण अकरा मुलांनी तेथे अर्ज केले. प्रत्येक अर्जासोबत मुख्याध्यापकांचे अभिप्रायपत्र लागते, हे तुला सांगायला नको. अकराही पत्रे मी स्वतः लिहिली. तीस डिसेंबरला महाविद्यालयाच्या कार्यालयाचे उत्तर आले. एका पत्रातील एक जादा ओळ सोडली तर अकराही पत्रे शब्दशः एकसारखी आहेत, असे ते म्हणतात. आपल्या शाळेची पत्रे पूर्वी आम्ही एकमेकांना वाचून दाखवीत असू, यंदा काय झाले, असेही विचारतात. पंधरा जानेवारीपर्यंत नवी पत्रे न पोहोचल्यास अर्ज अपूर्ण ठरतील. शिवाय मुख्याध्यापक अर्जदाराचे नातेवाईक असल्यास त्यांचे पत्र चालणार नाही. ज्याच्याकडे शाळेचा रीतसर कार्यभार असेल, अशा दुसऱ्या व्यक्तीने ते लिहावे.

मुलीने ते पत्र माझ्या टेबलावर वाचले आणि मग तिच्यासाठी मी लिहिलेल्या अभिप्रायाची प्रतही. तो असा होता: "उपस्थिती नियमित. वर्तणूक समाधानकारक. सदर विद्यार्थिनी निम्नस्वाक्षरीकाराची कन्या असल्याने अधिक लिहिणे औचित्यास धरून नाही."

यात खोटा शब्द एकही नाही. तरी ती म्हणाली की एवढे तर हजेरीपटानेही लिहिले असते.

जेथे असशील तेथून आमच्यावर लक्ष ठेवशील, एवढे धरून चालतो.

तुझा,
(सही)

॥

४ जानेवारी

हेडमास्तरांस,
नमस्कार. नात्याने मी मोठी आहे, आशीर्वाद द्यायला हवा. पण आज हात उचलला तर तो आशीर्वादासाठीच उचलला जाईल याची खात्री नाही.

फोन केला तर तुम्ही म्हणालात, घरगुती विषय लेखी मांडावेत. घ्या लेखी.

पोर माझ्याकडे आहे, जेवते आहे, अभ्यास करते आहे. तुमचं नाव काढलं की वहीत डोकं खुपसते. मी चाळीस वर्षं इस्पितळात वॉर्ड सांभाळला. पेशंटच्या कागदावर "प्रकृती समाधानकारक" कधी लिहितात, ठाऊक आहे? डॉक्टरांनी त्याला पाहिलेलंच नसतं तेव्हा.

आणि ते "पूर्वीची पत्रं" काय प्रकरण आहे, ते तुम्ही पोरीला सांगणार की मी सांगू? एकोणीस वर्षं ती पत्रं माझ्या बहिणीने लिहिली. मी सुट्टीला आले की ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बसलेली असायची. सुताराच्या मुलाबद्दल तिने काय लिहिलं होतं, माझ्या अजून कानात आहे. तो ग्रंथालयाचं पुस्तक परत देतो तेव्हा आधीच्यांनी फाडलेली पानं चिकटवलेली असतात आणि त्याबद्दल तो बोलत नाही. तेवढ्या ओळीवर तो मुलगा आत गेला. आज पूल बांधतो. तुम्ही काय केलंत? दोन स्वल्पविराम घातलेत आणि खाली सही ठोकलीत. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच.

आता ती नाही, तर पत्रं वाळून कोळ झाली. तिच्या जागी तुम्ही बसलात आणि अकरा मुलांचं नुकसान करून उठलात.

उपाय तर त्या कॉलेजनेच लिहून दिलाय. रजा घ्या. गणिताच्या बाई तुमच्या हाताखाली आहेत ना, त्यांच्याकडे कारभार द्या आणि त्यांना लिहू द्या. पण बहीण गेली, तिसऱ्या दिवशी घंटेआधी शाळेत हजर झालेला माणूस तुम्ही. रजा कसली घेताय!

लोभाचं नंतर बघू.

मोठ्या मेहुणीचा नमस्कार

॥

६ जानेवारी

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

आपले पत्र पावले. त्यात शुद्धलेखनाच्या सात चुका आहेत, तो विषय अलाहिदा.

पत्रांचा मसुदा कोणी केला हा प्रश्न गौण आहे. कार्यालयाच्या रीतीप्रमाणे सही करणाराच उत्तरदायी असतो. आपल्या भगिनी मसुदा करीत, मी तो तपासून अंतिम करीत असे. यात कोणी कोणाचे काही हिरावले नाही.

अकरा मुलांना एकच पत्र दिले, हा आपल्या मते निष्काळजीपणा. माझ्या मते तो न्याय आहे. अकरांत माझी स्वतःची मुलगी असता एकाविषयी चार ओळी अधिक आणि दुसऱ्याविषयी दोन कमी लिहिल्या असत्या, तर लोकांनी प्रत्येक ओळ मोजली असती.

रजेविषयी. परीक्षेच्या सत्रात मुख्याध्यापकाने कार्यभार एकदा सोडला की सत्र संपेपर्यंत तो परत घेता येत नाही. हा नियम मीच संस्थेकडून करून घेतला, कारण माझ्या आधीचे गृहस्थ परीक्षा आली की आजारी पडत आणि निकालाच्या दिवशी बरे होत. एप्रिलअखेर मी निवृत्त होत आहे. आज कार्यभार दिला तर मी त्या खुर्चीवर पुन्हा बसणार नाही. तेहतीस वर्षांच्या नोकरीचे शेवटचे सत्र मी घरी रिकाम्या खोल्यांत बसून काढावे, अशी आपली सूचना दिसते. ती मान्य नाही.

तिसऱ्या दिवशी मी शाळेत का गेलो, हे आपण विचारले असते तर सांगितले असते. आपण विचारले नाही, टोमणा मारला.

मुलीला पाठवून द्यावे. लोभ मागण्याची ही वेळ नव्हे. असलेले वैर वाढू नये, एवढीच विनंती.

आपला,
(सही)

॥

८ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या "आवक" ट्रेमध्ये ठेवते आहे. शिपाईकाका म्हणाले, तिथलं सगळं साहेब वाचतात. ते असंही म्हणाले की शिक्का मारून देऊ का. मी म्हटलं, मारा.

तुम्ही मावशीला लिहिलेलं पत्र मी वाचलं. न्याय वगैरे लिहिलंय. बाबा, तुम्ही न्याय म्हणून सारखं लिहिलं नाहीत. तुम्हाला आमच्याबद्दल काही माहीतच नव्हतं. आईला माहीत होतं, कारण मुलं पुस्तकं बदलायला यायची आणि ती त्यांच्याशी बोलायची. तुमच्याकडे मुलं फक्त उशिरा आल्यावर येतात.

बाकीचे दहाजण माझ्याशी बोलत नाहीत. बसचालकांची मुलगी, जी माझ्या शेजारी बसते, ती काल सगळ्यांसमोर म्हणाली की हिचं काय, हिचं आतून होईल, मरायचं आपण. मी तिला सांगितलं की माझ्या पत्रात तिच्यापेक्षा एक ओळ जास्त आहे आणि त्याच ओळीने मी बुडणार आहे. तिला ते खोटं वाटलं. मलाही वाटलं असतं.

मंगळवारी तुम्ही मला वर्गाबाहेर थांबवलंत आणि म्हणालात की घरी ये, यामुळे शिस्त बिघडते. शिस्त! बाबा, मी काय पाचवीतली पोर आहे का, रांग मोडलेली? मी त्याच वेळी ठरवलं की येणार नाही.

एक सरळ विचारते. मी इतकं लांब जायला तुम्हाला नको आहे का? नको असेल तर तसं म्हणा. मी भांडेन, पण निदान कशाशी भांडते ते तरी कळेल. "औचित्य" या शब्दाशी मला भांडता येत नाही.

पंधरा तारखेला सात दिवस आहेत.

तुमची,
मुलगी

॥

११ जानेवारी

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आवक क्रमांकासह मिळाले. उत्तर देण्यास तीन दिवस लागले.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. तू जाऊ नयेस असे मला वाटते. अभिप्राय लिहिताना ते मनात होते की नव्हते, हे मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. नव्हते असे मी आजवर स्वतःस सांगत आलो.

रविवारी स्वयंपाकघरातील टेबलावर बसून महाविद्यालयाला सविस्तर पत्र लिहिले. चार पाने झाली. पूर्वीची पत्रे कोणाच्या हातची होती ते त्यात स्पष्ट नमूद केले आहे. माझी चूकही मान्य केली आहे आणि अपवाद म्हणून माझेच पत्र स्वीकारावे, अशी विनंती केली आहे. प्रत सोबत जोडली आहे. मावशीस दाखवावी. उद्या टपालात टाकीन.

प्रकृतीस जपावे.

बाबा

॥

१२ जानेवारी

हेडमास्तरांस,
नमस्कार.

तुमची चार पानं परत पाठवते आहे. टाकू नका टपालात. पोरीने निळ्या पेन्सिलीने प्रत्येक "मी" खाली रेघ ओढली आहे. एकसष्ट झाल्या. "सदर विद्यार्थिनी" सहा वेळा आहे, त्यातही दोनदा ती वाक्याच्या शेवटी, तुमच्या पश्चात्तापाला लटकलेली. बाकीची दहा पोरं तर पत्रात औषधालाही नाहीत.

अहो, कबुली देतानाही मधल्या खुर्चीत तुम्हीच! शिवाय त्यांनी स्वच्छ लिहिलंय की नातेवाइकाचं पत्र चालत नाही, आणि तुम्ही अपवाद मागता. जन्मभर कुणाला अपवाद केलात का?

वाचून झाल्यावर ती रडली. मी जवळ गेले तर म्हणाली, मावशी, त्यांनी होय लिहिलंय, आणि तरी काही करत नाहीत.  

तीन दिवस आहेत. उठा.

ताई

॥

१५ जानेवारी

ग्रंथपालबाईंस,
नमस्कार.

ताईंचे शेवटचे पत्र मिळाले त्याच दुपारी मी गणिताच्या बाईंच्या वर्गाबाहेर उभा राहिलो. तास संपल्यावर आत गेलो आणि रजेचा अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. कार्यभार त्यांनी घ्यावा आणि अकराही पत्रे त्यांनी लिहावीत, असे सांगितले. पूर्वीची पत्रे माझी नव्हती, हेही सांगितले. हे वाक्य मी जिन्यात तीनदा मनाशी म्हणून पाहिले होते.

बाईंनी खडू खाली ठेवला आणि त्या हसल्या. चांगल्या खळखळून हसल्या. म्हणाल्या की सर, हे सगळ्या शिक्षकखोलीला ठाऊक आहे. एकदा त्यांनी तुला सुचवलेही होते म्हणे, की तू खाली स्वतःचे नाव घाल. तू म्हणालीस की असू दे, सही तरी सुवाच्य आहे त्यांची.

हे मला तुझ्याकडून कळले असते तर बरे झाले असते.

काल दिवसभर त्यांनी मुलांना एकेक करून बोलावले. बसचालकांची मुलगी पाऊण तास आत होती आणि बाहेर आली तेव्हा हसत होती. आपल्या मुलीची पाळी शेवटी आली. ती जाऊन आल्यावर बाईंनी मलाही बोलावले. म्हणाल्या की मुलीचे गणित मला ठाऊक आहे, पण घरातले असे काही सांगा जे ती स्वतः सांगणार नाही. मी म्हटले, मला विचार करावा लागेल. त्या म्हणाल्या, करा, मी चहा मागवते.

चहा निवला तेव्हा आठवले. तू इस्पितळात होतीस तेव्हा आवारात नवी खडी पसरली होती. मुलीने त्यातले मूठभर खडे घरी आणले आणि हा दगड या भागातला नाही, असे म्हणाली. मग ती एकटीच ठेकेदाराच्या कचेरीत गेली आणि त्याला खाणीचा पत्ता विचारून आली. ठेकेदार म्हणाला म्हणे, की पोरी, तीस वर्षे खडी विकतो, कुठून आली हे विचारणारी तू पहिली. मी तिला रागावलो होतो. परवानगीवाचून परक्या माणसाच्या कचेरीत जाऊ नये, असे म्हणालो. ती म्हणाली होती की आई बरी झाली की तिला ती खाण दाखवायची आहे.

हे मी बाईंना सांगितले. सांगताना शेवटचे वाक्य दोनदा सुरू करावे लागले. त्यांनी पाणी पुढे केले आणि लिहून घेतले.

आज भल्या सकाळी त्यांनी आपल्या मुलीचे पत्र पुरे केले. मी तपासून देऊ का, असे विचारले. त्या म्हणाल्या, नको. तेहतीस वर्षांत कोणी मला नको म्हटले नव्हते. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. अकरा पाकिटे बंद झाली, शिपाई स्वतः महाविद्यालयाकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडीने घेऊन गेला आणि पावणेचारला त्याचा फोन आला की कार्यालयात पोहोचली. मुलीच्या पत्रात काय आहे, ते मला ठाऊक नाही.

निवड मार्चमध्ये कळेल. झाली तर जूनमध्ये ती जाईल. मला ते आजही नको आहे आणि तसे मी तिला पुन्हा लिहून कळवले आहे, म्हणजे तिला कशाशी भांडायचे ते कळावे. तिचे उत्तर नाही. ती ताईंकडेच आहे. दुपारी जिन्यात समोरासमोर आलो. मी बाजूला झालो आणि ती वर निघून गेली. ताईंना आभाराचे दोन शब्द पाठवले होते. त्यांनी त्याच कागदावर लिहून परत पाठवले की आभार बिनचूक आहेत, राग तसाच आहे.

तुझा राग असेल तर तोही राहू दे. मला त्याची सवय होती.

तुझा,
(सही)

ता. क. साडेचार वाजता मुख्याध्यापकांच्या खोलीतील माझी छत्री आणि चष्म्याचे घर तेवढे उचलले. दार ओढून कुलूप लावले आणि तिन्ही किल्ल्या गणिताच्या बाईंच्या हाती दिल्या.