जिरा सोड्यासाठी दारूचा परवाना

दगडी कमान. जुनी आरामखुर्ची, नवा वेत. वेगळा कप. दोन जिरा सोडा. एक मोटारसायकल, तिच्यावर दोन पुरुष.
(खुलासा पुढे अर्जात आहे.)

प्रति,
मा. अधीक्षक,
राज्य उत्पादन शुल्क विभाग, धुळे.

विषय : दारू न पिणाऱ्या दोन निवृत्त शिक्षिकांना मद्यसेवनाचा आजीवन परवाना देण्याबाबत.
संदर्भ : ‘लूप लाईन’ बारच्या दारावरील पाटी, ‘परवान्याशिवाय आत बसू नये.’

महोदय,

१. खाली सही करणाऱ्या आम्ही दोघी खैरवे रोड येथे राहतो. मी, जतनबाई, दोंडाईच्याला मराठी शाळेत होते, हसीनाबी उर्दू शाळेत. पस्तीस वर्षे एकाच गाडीने जात-येत होतो. संध्याकाळी उतरल्यावर आमच्या स्टेशनच्या महिला प्रतीक्षालयात तासभर बसत असू. घरी सांगत असू, गाडी लेट होती.

२. निवृत्तीनंतर तेरा वर्षांत भेट चारदा झाली. दोन मयती, एक लग्न, एक दवाखाना. माझ्या घरी हसीनाबींना चहा वेगळ्या कपात येतो. त्यांच्या घरी, मी काही घेणार नाही असे धरून मला कोणी विचारतच नाही.

३. स्टेशन नव्या इमारतीत गेले आणि यंदा जुन्या दगडी इमारतीत बार निघाला. तिकीटखिडकीतून ग्लास मिळतात. मेनू वेळापत्रकासारखा छापला आहे. वेटर लाल सदरा घालतात. महिला प्रतीक्षालय मात्र तेच, दगडी कमानीचे. जुन्या आरामखुर्चीला फक्त नवा वेत आणि दिव्यांना हिरव्या काचा बसवल्या आहेत. आम्ही दोन महिने दर मंगळवारी साडेचारला तिथे बसलो, जिरा सोडा घेतला. बारमध्ये सगळे ग्लास सारखे असतात. माझे जेवण सूर्यास्ताच्या आत, हसीनाबींची मगरिबची नमाज सूर्यास्तानंतर लगेच, त्यामुळे उठण्यावरून कधी वाद झाला नाही.

४. गेल्या मंगळवारी माझा नातू श्रेयांस व हसीनाबींचा मुलगा तौफिक तिथे आले. समोरासमोर दुकाने असून हे दोघे पाच वर्षे एकमेकांशी बोलत नाहीत. त्या दिवशी एकाच मोटारसायकलवर आले. श्रेयांस म्हणाला, “दादी, ही काय बसायची जागा आहे? लोक काय म्हणतील?” हसीनाबी म्हणाल्या, “तुम्ही दोघं एका गाडीवर आलात, तेही लोकांनी पाहिलंच की.” मग तौफिकने मॅनेजर अखिलभाऊंना विचारले, यांच्याकडे परवाना आहे का? बार रिकामाच होता. वेटर उखर्डू मधे पडला, “बठ्ठा बार खाली शे, बसू द्या ना त्यासले.” अखिलभाऊंनी हात जोडले, “अक्का, माझा नाइलाज आहे. परवाना आणा, जन्मभर बसा.”

५. म्हणून हा अर्ज. परवाना आरोग्याच्या जतनासाठी मिळतो, असे कळते. आमच्या बाबतीत हे कारण खरे आहे. मंगळवारी मला झोपेची गोळी लागत नाही.

६. दोघी एकाहत्तरच्या आहोत, तेव्हा आजीवन म्हणजे फार नाही. परवाने सलग क्रमांकाचे असावेत. (हे हसीनाबींनी घालायला लावले.) घरच्यांचे संमतिपत्र जोडलेले नाही. मागितले तरी जोडणार नाही.

७. नकार असल्यास कारण लेखी कळवावे. तोवर येत्या मंगळवारी साडेचारला आम्ही त्याच जागी असू. उठवायचे झाल्यास दोन महिला पोलीस पाठवाव्यात. गुडघ्यांमुळे दोघींनाही उठायला हात लागतो.

आपल्या उत्तराची वाट बसूनच पाहणाऱ्या,

जतनबाई चंपालाल जैन (सही)
हसीनाबी हबीब शेख (सही, उर्दूत)
खैरवे रोड, दि. १३/११/२०२५

सोबत :
१) वयाचे दाखले, दोन.
२) दोन जिरा सोड्यांचे बिल, तिकिटाच्या आकाराचे.

संध्याकाळची गाडी वेळेवर येत असे.