गाडीवर आळ

सूर्यमाळ, ता. मोखाडा
२२ एप्रिल

चि. रोहिदास यास बापाचे आशीर्वाद.

तुझा निरोप होळीत मिळाला आणि उत्तर आत्ता लिहितो, राग धरू नको. चौथी शिकलेल्या माणसाला ओळी जुळवायला वेळ लागतो. फोन केला असता, पण तो तुझ्या आईच्या कनवटीला असतो, आणि हे तिच्यासमोर बोलायचं नाही.

इकडे ठीक. विहीर तळाला गेली. मोहाची फुलं बरी पडली. सूनबाईला सांग, तिने दिलेल्या गोळ्या आईने खाल्ल्या, गुडघा तसाच आहे.

आता गाडीचं. भिवंडीला कामावर संदीपचा डावा पाय गेला, त्याला क्लच दाबता येईना, म्हणून तूच ही आपोआप गिअर पडणारी जुनी पिकअप आणलीस. माझ्या भाच्याचं पोट तिच्यावर आहे आणि पाड्याचं पाणीही तीच ओढते. पण होळीपासून ती चढावर दगा द्यायला लागली. इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी पुढे सरकायची नाही. सकाळी दांडा 'डी'वर टाकला की जरा विचार करायची, मग धक्का देऊन निघायची.

मला वाटलं, गिअरचं तेल कोणीतरी काढतं. शेजारचा बाबल्या गाडीभोवती फार फिरतो. संदीप हसला. "मामा, त्या तेलात बाबल्या काय भजी तळणार?" तरी मी उभ्या गाडीखाली पळसाची पत्रावळ ठेवली. सकाळी कोरडी. गळत नाही म्हणजे चोरीच, असं मी धरून बसलो.

मग तू सांगितलेल्या मिस्त्रीकडे जव्हारला नेली. त्याने बंद इंजिनातच तेल मोजायची काडी ओढली आणि म्हणाला, "तेल भरपूर आहे. गिअरबॉक्सच गेला, पार्ट मिळत नाहीत. भंगारात द्या."

मी म्हटलं, एकदा चढावर चालवून तर बघा.

"बाबा, गुरुजींशी माझं बोलणं झालंय."

गुरुजी म्हणजे शाळेवरचा तूच. गाडी बघायच्या आधी काय बोलणं झालं, रोहिदास?

परत येताना टेपाच्या उंचवट्यावर, जिथे रेंज येते तिथे, संदीपने मोबाईलवर शोधलं. असल्या गाडीची काडी गाडी तापल्यावर, इंजिन चालू ठेवून बघायची असते. बंद गाडीत तेल खाली उतरतं आणि काडी खोटं सांगते. आम्ही तशी बघितली, तर काडीच्या टोकालाही तेल नाही. मग घरी येऊन पत्रावळ चालू गाडीखाली सरकवली. तिच्यावर लाल थेंब पडले. रेडिएटरकडे जाणारी नळी इंजिन चालू असतानाच पाझरत होती. तेलाला जळका वास नव्हता, म्हणजे गिअरबॉक्स शाबूत. नळी बदलली, तेल भरलं. काल भरलेली पिंपं घेऊन ती चढली, एकदाही ओरडली नाही. बाबल्याला मी तोंडावर काही बोललो नव्हतो, तेवढं बरं झालं.

हे तुझ्या आईला सांगितलं. वाटलं, तिला आनंद होईल. ती चुलीकडे बघत "बरं" म्हणाली.

त्याआधी परवाच तिने लोखंडी पेटी झाडून उन्हात ठेवली होती. लुगड्यांच्या घड्या घातल्या. कशाला, विचारलं तर म्हणते, "कसर लागते." मागच्या उन्हाळ्यात कसर नव्हती वाटतं. तू होळीआधी आलास तेव्हा तू आणि आई विहिरीकडे गेलात आणि बराच वेळ आला नाहीत. मी घरात होतो, पण आंधळा नाही.

मला वाटतं, तुमचं ठरलंय. गाडी गेली की पाणी बंद, पाणी बंद झालं की म्हातारा तुझ्याकडे जव्हारला उतरेल. संदीपने मग काय करायचं, हे कोणी ठरवलं?

एक गोष्ट लिहायची नव्हती. हंडा उतरवताना ती भिंत धरते. ती भिंत धरते तेव्हा मी बैलाकडे बघतो. 'आपण खाली जाऊ' असं ती मला कधी म्हणाली नाही. तुला म्हणाली असेल. मला का नाही, ते मला ठाऊक आहे.

तेव्हा आम्हाला न्यायचं असेल तर स्वच्छ लिही. तिलाच यायचं असेल तर तसं लिही. मी भांडेन, पण ऐकेन. गाडीवर आळ घालू नको, ती चढते. ती संदीपकडेच राहू दे.

हे पत्र संदीपच्याच हाती देतो. उत्तरही त्याच्याच हाती दे, आणि लवकर दे. पेटी अजून अंगणात आहे. ती घरात घ्यायची की गाडीत चढवायची, तेवढं कळव.

तुझा बाप,
पुंजा