चौथ्या मजल्यावरून खाली

१४ जून, शनिवार

निवड झाली. शहराच्या घरांच्या समितीवर नागरिक सदस्य. पत्र जपानीत, दोनदा वाचलं, तरी खात्री म्हणून ईराला दिलं. "सुगोई, आई," म्हणाली, म्हणजे भारीच, आणि परत फोनमध्ये. सातवीत गेल्यापासून मराठीत एवढंच उरलंय, 'आई'.

नवऱ्याचा, प्रसादचा, प्रश्न : "मीटिंगा शनिवारी का?" नाही, गुरुवारी दुपारी. "मग जा की."

काम असं. केंद्र सरकार शहरांना स्वस्त भाड्याच्या घरांसाठी अनुदान देतं. पण आधी शहराने आराखडा द्यायचा, खर्च कशावर, कुठे, कुणासाठी. आराखड्यात जे नाही त्याला अनुदान नाही. त्यात काय असावं ते आमच्या समितीने सुचवायचं.

पुण्यात आर्किटेक्टच्या ऑफिसात होते तेव्हा दुसऱ्यांच्या बंगल्यांचे जिने काढायचे. त्यानंतर इकडे जपानात येऊन घरांविषयी काहीतरी करायची ही पहिलीच वेळ. (स्टेशनजवळच्या एजन्सीत भारतीय गिऱ्हाइकांना फ्लॅट दाखवते ते धरलं नाही.)

खूप बरं वाटतंय. कुणाला सांगू नये इतकं.

२६ जून, गुरुवार

पहिली बैठक. माझ्या नावाची पाटी 'कुरुकारुनी', म्हणजे कुलकर्णी. राहू दिलं.

अध्यक्ष एक प्राध्यापकबाई. समोर घरमालकांच्या संघटनेचे गृहस्थ. गृहविभागाचे ओगावा-सान, पन्नाशीचे, इतकं हळू बोलतात की सगळ्यांना पुढे वाकावं लागतं.

दोन वाटा आहेत. एक, शहराच्या मालकीच्या नदीकाठच्या जुन्या इमारती पाडून तिथे एकच उंच इमारत, लिफ्टवाली. दोन, बाजारात रिकामी पडलेली घरं. मालकांना मदत आणि हमी द्यायची, त्यांनी ती म्हाताऱ्यांना, एकट्या आयांना, परदेशी माणसांना भाड्याने द्यायची. थैली एकच. एकीकडे जास्त म्हणजे दुसरीकडे कमी.

मी दुसऱ्या वाटेची. घरून ठरवूनच गेले होते. एजन्सीत रोज तेच ऐकते : "परदेशी म्हणजे... चोत्तो." चोत्तो म्हणजे 'जरा'. जरा काय ते कुणी पुढे बोलत नाही.

बोलले. आवाज थोडा कापला, पण बोलले. प्राध्यापकबाईंनी लिहून घेतलं.

५ जुलै, शनिवार

ओळखीचे निखिल-अदिती आमच्याकडे राहायला आले. निखिल विद्यापीठात पोस्टडॉक, अदितीला पाचवा महिना. त्यांची इमारत मालकाने विकली, करार पुढे वाढवला नाही. मीच त्यांना किती घरं दाखवली. निखिलचा करार वर्षावर्षाचा, त्यात परदेशी, त्यात आता बाळ रडणार. चोत्तो, चोत्तो, चोत्तो.

हॉलमध्ये फुतोन, जमिनीवरच्या गाद्या, घातलेत. अदिती सकाळी सगळ्यांच्या आधी उठून ते घडी करून कपाटात ठेवते, कुणी झोपलंच नव्हतं असं. मला ते बघवत नाही.

"शुभाताई, तुमच्या त्या कमिटीचं झालं की मिळेल ना आम्हाला?"

म्हटलं, त्यासाठीच तर गेलेय.

१७ जुलै, गुरुवार

नदीकाठच्या इमारती बघायला समिती गेली. ऊन असं की डांबर बुटाला लागत होतं.

चार मजले, जिना अरुंद, कठडा एकाच बाजूला. खालची कचरा ठेवायची जाळी मात्र लख्ख. चौथ्या मजल्यावर हायाशी-सान. ओगावांनी आधीच विचारून ठेवलं होतं. ऐंशीच्या आसपास, एकट्या, गुडघे गेलेले. तरुणपणी सहलीच्या बसवर गाइड होत्या. आम्हाला गॅलरीत नेलं आणि हात लांब करून, आवाज वर चढवून : "उजव्या हाताला नदी, डाव्या हाताला शाळा, समोर स्वच्छ दिवशी फुजी पर्वत!" सगळे हसले. त्याही.

मग बसल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, वसंतात साकुराचा बहर बघायला उतरले होते, त्यानंतर नाही. डॉक्टर महिन्यातून एकदा वर येतो. कचरा तिसऱ्या मजल्यावरची मुलगी नेते.

प्राध्यापकबाई म्हणाल्या, "नव्या इमारतीत लिफ्ट असेल, हायाशी-सान."

"नवी इमारत होईल तेव्हा मी फोटोत असेन," त्या म्हणाल्या. "मला नवं घर नको हो. मला खालचं द्या. खाली रिकामी आहेत ना घरं."

उतरताना पाहिलं. खरंच. तळमजल्याच्या किती तरी खिडक्यांना शटर ओढलेली, त्या घरांच्या टपालपेट्यांवर चिकटपट्टी.

२२ जुलै, मंगळवार

ओगावांना फोन केला. खालची घरं का देत नाहीत?

इमारती पाडायच्या ठरल्या तेव्हापासून रिकामं झालेलं घर परत कुणाला द्यायचं नाही असा नियम. दुरुस्त करून द्यायचं तर दुरुस्ती कोण करणार? पाडायच्या इमारतीवर केंद्राचं अनुदान चालत नाही. शहराचा स्वतःचा पैसा लागतो आणि तो दुसऱ्या योजनेत अनुदानाला जोड म्हणून बांधलेला.

"कोणत्या योजनेत?"

"तुमच्या. भाड्याच्या घरांच्या."

मग म्हणाले, मी हे दरवर्षी मांडतो, दरवर्षी वरचे खोडतात. तक्रार नव्हती आवाजात. हवामान सांगावं तसं.

फोन ठेवला आणि गॅसवरचं वरण उतू गेलं.

३ ऑगस्ट, रविवार

उरायासुला एक फ्लॅट दाखवला अदिती-निखिलला. म्हातारे मालक स्वतः आले होते, फार गोड बोलले, भारतात जायची इच्छा आहे म्हणाले. संध्याकाळी एजन्सीत नकार. निखिल म्हणाला, "निदान हसून तरी बोलले." अदिती खुर्चीवर टेकली. पाय सुजलेत तिचे. रात्री ईराने न सांगता स्वतःची खोली तिला दिली आणि हॉलमध्ये झोपली. विचारलं तर "बेत्सु नी." त्यात काय एवढं, म्हणजे.

पोरगी चांगली निघतेय. कुठून, कोण जाणे.

२० ऑगस्ट, बुधवार

उद्या बैठक. मला जे सुचलंय ते प्रसादला सांगितलं. भाड्याची योजना पहिल्या वर्षी लहान ठेवायची. त्यातून शहराचा जो पैसा सुटेल त्यात खालची घरं दुरुस्त करून वरच्या म्हाताऱ्यांना उतरवायचं. दुसऱ्या वर्षापासून योजना पूर्ण.

"म्हणजे यंदा आपल्या लोकांना काही नाही."

थोडं. फार थोडं.

"अदितीला सांगितलंस?"

नाही.

"मग आधी तिला सांग," म्हणाला आणि भांडी घासायला उठला. दोन वाक्यांत मोकळा. मी बसले.

नाही सांगितलं. ती लवकर झोपली होती. खरं म्हणजे जागी असती तरी...

२१ ऑगस्ट, गुरुवार

मांडलं.

घरमालकांचे गृहस्थ आधी चकित. म्हणाले, परदेशी रहिवाशांच्या वतीने तुम्ही आहात ना? म्हटलं, मी या शहराच्या वतीने आहे, असं पत्रात लिहिलंय. हे जरा जोरात झालं. कान गरम झाले.

प्राध्यापकबाईंनी विचारलं, एक वर्ष थांबणाऱ्यांचं काय? हाच प्रश्न मी स्वतःला घालत होते. मी म्हणाले, त्यांच्यासाठी वर्ष वाईट जाईल. माझ्याच घरात दोघं आहेत. पण ती जिना उतरू शकतात, दार ठोठावत फिरू शकतात. ज्यांना खाली येताच येत नाही त्यांना आधी घ्यावं.

कुणी टाळ्या वगैरे वाजवत नाही इथे. ओगावा खाली मान घालून लिहीत होते. थोडा जास्तच वेळ.

निर्णय पुढच्या वेळी.

रात्री अदितीला सांगितलं. स्वयंपाकघरात, दोघीच. ती मेथी निवडत होती. ऐकून घेतलं. मग,

"ताई, तुम्ही आमच्या बाजूच्या होतात ना?"

आहेच, म्हटलं.

"हो," म्हणाली आणि मेथी निवडत राहिली. सगळी निवडली. एक पानही इकडे तिकडे नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

ज्येष्ठांच्या सन्मानाची सुट्टी. हायाशी-सानकडे गेले. हल्ली रविवारचं काहीतरी नेते त्यांना, आज उपमा. शहराकडून त्यांना शुभेच्छापत्र आलं होतं, ते खाली टपालपेटीत पडून. मीच वर नेलं. "दीर्घायुष्याबद्दल अभिनंदन." त्यांनी मोठ्याने वाचलं, गाइडच्या आवाजात. नंतर उपम्याकडे बघून, "हे गोड की तिखट?"

समितीत काय मांडलं ते सांगितलं. त्या खूश होतील असं मला वाटलं होतं. म्हणाल्या, "म्हणजे माझ्यासाठी कुणाचं तरी घर लांबलं?"

अदितीबद्दल सांगावं लागलं.

"तिला म्हणावं, सॉरी," इंग्रजीत म्हणाल्या. मला निघवेना. दुपारचा चहा तिथेच.

अदितीला निरोप सांगितला. ती म्हणाली, "त्यांनी कशाला सॉरी म्हणायचं?" आणि पहिल्यांदा एवढ्या दिवसांत माझ्याशी नीट बोलली. वय काय, मुलं आहेत का, जेवण कोण करतं.

२८ सप्टेंबर, रविवार

अदिती-निखिलला जागा मिळाली. फुनाबोरीत, निखिलच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब दोन वर्षांसाठी पुण्याला परत जातंय, त्यांच्या मालकाने यांना ठेवून घेतलं. लहान आहे, स्टेशनपासून लांब. मी काही केलं नाही यात. आमच्या समितीने तर नाहीच.

दोन सुटकेस आणि कुकर. जाताना अदिती पाया पडायला वाकली. मी धरलं तिला, म्हटलं पोट सांभाळ. ईरा दारात उभी, "ईत्तेराश्शाई." जाऊन ये. घरच्या माणसाला म्हणतात ते.

घर एकदम मोठं झालं. मला आवडलं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

बैठक. मसुदा आला. नवी इमारत दोन टप्प्यांत. भाड्याच्या घरांची योजना, पहिलं वर्ष लहान. तळमजल्याच्या घरांबद्दल एकच ओळ : "विचार करण्यात येईल."

लहान केली आणि उतरवायचं मात्र फक्त विचारात? मग अदितीचं वर्ष मी कशासाठी...

बोलले. आवाज कापला नाही, उलट सपाट झाला. प्राध्यापकबाई म्हणाल्या, कुलकर्णी-सान बरोबर बोलताहेत (नाव नीट उच्चारलं! आजच!), पण शहराच्या पैशावर समितीला आदेश देता येत नाही, सुचवताच येतं. वाक्य थोडं बदललं : "लवकरात लवकर विचार करण्यात येईल." यावर पाऊण तास.

बाहेर ओगावा भेटले. म्हणाले, 'विचार करू' याचे आमच्या ऑफिसात दोन अर्थ आहेत, होईल आणि होणार नाही. कोणता, ते अजून त्यांनाही माहीत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

नागरिकांसाठी सभा, मसुद्यावर सूचना द्यायला. शहराच्या हॉलमध्ये खुर्च्या भरपूर, माणसं कमी.

हायाशी-सान आल्या! तिसऱ्या मजल्यावरची मुलगी आणि तिचा नवरा यांनी खुर्चीत बसवून उतरवलं, पायरी पायरी. लिपस्टिक लावली होती, मोती घातले होते. बोलायची वेळ आली तेव्हा उठता येईना, बसूनच बोलल्या. मागितलं काहीच नाही. एवढंच म्हणाल्या, मी वसंतानंतर आज पहिल्यांदा माझ्या रस्त्यावर आहे, कोपऱ्यावरचं तांदळाचं दुकान बंद झालंय, मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग थांबल्या. पुढचं विसरल्या की काय, असं वाटलं. "एवढंच," म्हणाल्या.

गृहविभागाचे वरचे साहेब पहिल्या रांगेत होते. त्यांनी हायाशी-सानना वाकून नमस्कार केला. नेहमीचाच? कळलं नाही.

परत वर चढवायला चौघे लागले.

२३ नोव्हेंबर, रविवार

अदितीला मुलगी. फुनाबोरीला डिंकाचे लाडू घेऊन गेले. बाळ माझ्या हातात दिलं आणि स्वतः लाडू खायला बसली. घराचा विषय नाही. जाताना म्हणाली, "हायाशी-सानचं कळलं की सांगा." सांगते.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सूचनांची मुदत संपली. आराखडा आता प्रांताकडे, तिथून केंद्राकडे. अनुदान किती आणि कशाला, ते वसंतात कळेल.

दुपारी ओगावांचा फोन. तळमजल्याच्या एका घराची किल्ली वरच्या साहेबांनी मागवली आहे. फक्त पाहणी. पाणी, भिंती, किती काम आहे ते बघायला. "कृपया अजून कुणाला काही सांगू नका."

हो म्हटलं आणि संध्याकाळी गेले. काय करणार.

हायाशी-सानना सांगितलं, पाहणी आहे, नुसती पाहणी, ठरलं काही नाही, होईलच असं नाही. तीनतीनदा सांगितलं. त्या मान डोलावत होत्या.

मग विचारलं, "तिथून नदी दिसते का?"

तळमजला. समोर बांध आहे. म्हटलं, नाही दिसायची.

"हं," म्हणाल्या. आणि मग, "माणसं दिसतील पण."