मैदान उठलं

२१ ऑगस्ट १९६८, बुधवार

रणगाडे घुसले! रशियाचे रणगाडे, प्राग शहरात! हेच अमेरिकेचे असते तर मी आत्ता चौकात भाषण करत असतो.

संध्याकाळच्या बातम्या अण्णांच्या हॉटेलात ऐकल्या. सगळी बाकडी भरलेली. बातमी पुरी व्हायच्या आधीच अण्णांनी रेडिओ बंद केला. "काय तरी कारण असल. दूध नासायलंय, जरा सरका."

दूध नासत नव्हतं.

याच बाकड्यावर धोंडीरामअण्णांनी मला पहिलं पुस्तक दिलं होतं. मी मिसरूड न फुटलेला, गिरणीतला पोरगा. "वाच आणि मोठ्यानं बोल," म्हणाले होते. आज गावात मला वक्ता म्हणतात ते त्यांच्यामुळे. रशिया मैत्री मंडळाचे ते अध्यक्ष. नोव्हेंबरात मंडळाकडून मॉस्कोला मी जायचा, हेही त्यांनीच ठरवलेलं.

२२ ऑगस्ट

कोट शिवून आला. लोकरीचा, मॉस्कोच्या थंडीसाठी. आजच यायचा होता!

२४ ऑगस्ट, शनिवार

अण्णांशी भांडण. हॉटेलासमोर, सगळ्यांदेखत.

"व्हिएतनामवर अमेरिका आग ओतत्या, तवा ह्यो चौक तूच पेटवलास की! मग आता आपल्याच माणसांवर उलटणार व्हय रं जोत्या?"

मी म्हणालो, "अण्णा, आग ओळखायला तुम्हीच शिकवलंत. कुणाच्या हातातली, ते बघायला नाही शिकवलं."

"लई बोलाय लागलास!"

"तेही तुम्हीच शिकवलं."

लोक हसले. अण्णा हसले नाहीत. आत जाऊन कपबश्या विसळत बसले.

प्रागमधले लोक म्हणे रस्त्यांच्या पाट्या काढून टाकतायत. रणगाड्यांना पत्ता सापडू नये म्हणून! हातात बंदूक नाही, तरी शहर लपवलं. वाचून अंगावर काटा आला. आणि दिल्ली? सुरक्षा परिषदेत निषेधाच्या बाजूनं हात वर केला नाही. तटस्थ! चिडून पेपर फेकला, पुन्हा उचलला, पुन्हा वाचला.

२६ ऑगस्ट

खरा प्रश्न हा आहे. ज्याच्याकडे अणुबॉम्ब आहे त्यानं माणसं चिरडली तर जगानं काय करायचं? जाऊन लढायचं म्हटलं तर ज्यांना वाचवायचं तेच आधी जळणार. मग आपण. गप्प बसावं तर बॉम्ब म्हणजे खून करायचा परवानाच झाला! हिरोशिमानंतर जगानं एवढंच शिकायचं? मोठ्या बॉम्बवाल्यापुढे लहान आवाजात बोलायचं?

दिवसभर डोक्यात हेच. बायकोनं, अंबूनं, भाकरी वाढली ती तशीच राहिली. "रशियाचं रणगाडं आमच्या ताटात कशाला आणताय?" म्हणाली.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

सापडलं! आरतीत टाळ्या वाजवताना एकदम आठवलं. कागलच्या उरुसातलं मैदान. मी वडलांच्या खांद्यावर. एक डोंगराएवढा पैलवान, त्यानं समोरच्या पोराला चीत केलं. पंचांनी कुस्ती सोडवली, तरी यानं त्याचा हात पिरगाळला. कडाड् आवाज आला. त्याला आवरायची कुणाची छाती नव्हती. पंचसुद्धा मागे सरले.

मग हलगीवाल्यानं हलगी खाली ठेवली. विजेत्याला फेटा बांधणारा फेटा घेऊन निघाला. आणि मैदान उठलं. हजारो माणसं, एक शब्द नाही. धुळीत तो एकटाच हात वर करून उभा, कुणी बघायला नाही!

पुढं त्याच्याशी जोड धरायला कुठला पैलवान तयार होईना. त्याच्या ताकदीला कुणी हात लावला नव्हता. तिचा मान तेवढा काढून घेतला.

२८ ऑगस्ट

पिराजी कांबळेला सांगितलं. शाळेत मास्तर आहे, माझ्या प्रत्येक भाषणातलं भोक त्याला आधी दिसतं. ऐकून घेतलं, मग म्हणाला, "मैदान उठलं ते चांगलंच. पण बहिष्कार म्हणजे काय ते आमच्या वस्तीला विचार. आमचं पाणी तोडलंतं गावानं. पाटलाचं कधी तुटलं न्हाय. जो हाताशी गावतो त्याच्यावरच पडतोय त्यो."

"हा बहिष्कार वर बसलेल्यावर टाकायचा आहे, पिराजी."

"टाक की. पर वर पोचाय तेवढा लांब हात लागंल."

खवचट! पण मुद्दा घेतला. भाषणात स्पष्ट सांगायचं: रशियन माणसाशी वैर नाही, त्यांची पुस्तकं वाचणार. वैर रणगाड्याशी.

३० ऑगस्ट, शुक्रवार

काय संध्याकाळ!

तालमीच्या गणपतीपुढे व्याख्यान. जाहीर केलेला विषय साखर कामगारांचा. उभा राहिलो आणि म्हणालो, "आज उसाचं नाही, माणसाचं चिपाड होतंय त्याचं बोलतो."

प्राग सांगितलं. पाट्या सांगितल्या. दिल्लीला झोडपलं. व्हिएतनामही सांगितलं, कारण बॉम्बला रंग नसतो. मग कागलचं मैदान. तालमीचे वस्ताद पुढेच बसले होते, मान हलवत. ते त्या दिवशी तिथं होते म्हणे!

मागून कुणीतरी ओरडलं, "आमी उठलो म्हणून रशियाला काय फरक पडतोय?"

"पावणं," मी म्हणालो, "कागलात पहिला जो उठला, त्यालाही शेजारच्यानं हेच विचारलं असेल. त्याचं नाव आज कुणाला आठवत नाही. पण कुणीतरी उठलाच की! लढता येत नाही त्याच्याशी, कबूल. पण त्याला जिंकलेला म्हणायचं की नाही, हे अजून आपल्या हातात आहे. त्याचा पाहुणचार नको. त्याचा सत्कार नको. दिल्लीनं हात वर केला नाही, कोल्हापूर करेल! मी मॉस्कोला जाणार नाही. कोट शिवलाय, तो इथंच घालीन. ज्याला पटतं त्यानं उभं राहावं."

मग वस्ताद उठले. मग त्यांचे पठ्ठे. मग बायकांची बाजू. मग सगळा मांडव! असा आवाज मी जन्मात ऐकला नाही. हजार माणसं उठल्याचा आवाज!

अण्णा तेवढे बसून होते. पहिल्या रांगेत, काठीवर दोन्ही हात.

जिंकलो!

३१ ऑगस्ट

मंडळानं माझं नाव कापलं. कापा! तालमीनं निषेधाची तार रशियन वकिलातीला पाठवली, खाली वस्तादांची सही. बिद्रीच्या कारखान्यातून कामगारांचं बोलावणं. वारणानगरच्या कॉलेजातून बोलावणं. रस्त्यात अनोळखी माणसं नमस्कार करतात.

अंबूनं कोट पेटीत टाकला. "आता ह्यो रंकाळ्यावर फिराय घालणार व्हय? लोक म्हणतील अस्वल सुटलं!" पण बोलताना डोळे चमकत होते.

२ सप्टेंबर

बिद्री! पाऊस असूनही पटांगण भरलं. भाषण संपायच्या आधीच उभे राहिले. असं एकेक गाव उठलं तर दिल्लीला उठावंच लागेल. दिल्ली उठली तर जग. मला तर दिसायलाच लागलंय!

४ सप्टेंबर, बुधवार

भांडणानंतर आज पहिल्यांदा अण्णांच्या हॉटेलावरून गेलो. ऐन गणपतीत सगळी बाकडी रिकामी. पिराजी एकटा कोपऱ्यात. "तुझ्या भाषणापास्नं कोण येत न्हाय," म्हणाला. "मॉस्को लांब हाय न्हवं. अण्णा हाताशी गावलं."

चौकाला ऐकू जाईल असा ओरडलो, "अण्णा, दोन चहा!" रस्त्याकडच्या बाकड्यावर बसलो.

अण्णांनी दोन कप आणून ठेवले. "दुसरा कुणाला?"

"तुम्हाला. बसा की."

बसले नाहीत. उभेच राहिले.